सरकारी टेंडर भरताय? दर काढण्याआधी बिल कुठून निघणार ते बघा: सांगली जिल्ह्यातल्या छोट्या उद्योगांसाठी

दिवाळी झाली की कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसीत एक विषय हमखास निघतो: सरकारी टेंडर भरायचं का? ऑफिसांना निधी खर्चायची घाई याच सुमाराला सुटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर फर्निचर, छपाई, पंपांचे सुटे भाग, सौरदिवे, झेरॉक्स मशीन, साफसफाई अशा सगळ्याच्या निविदा एकदम येतात. भरायला हरकत काहीच नाही. पण बहुतेक जण सुरुवात दरापासून करतात, आणि मला ती उलटी वाटते. पैसे कुठल्या खात्यातून, कुठल्या टप्प्यांतून, किती महिन्यांनी येणार हे आधी बघावं, दर मग काढावा. खालची सगळी माहिती त्याच हिशेबानं मांडली आहे.

गिऱ्हाईक कोण, ते आधी ओळखा

'सरकार' नावाचं एकच गिऱ्हाईक नसतं. सांगलीत बसून तुम्हाला निदान तीन प्रकारची गिऱ्हाइकं दिसतील आणि तिघांचे नियम वेगवेगळे आहेत.

पहिलं केंद्राचं. मिरज जंक्शन आणि मध्य रेल्वेचा पुणे विभाग, टपाल खातं, बीएसएनएल, एलआयसी, सरकारी बँका, पलूसचं जवाहर नवोदय विद्यालय. यांची बरीच खरेदी जेमवर, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर होते. हे पोर्टल २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. रेल्वेचं स्वतःचं आयआरईपीएस पोर्टलही आहे आणि पंप, कास्टिंग, फॅब्रिकेशनवाल्यांनी ते नियमित उघडून बघावं.

दुसरं राज्याचं: सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, शासकीय रुग्णालयं, आयटीआय, महावितरण. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमुळे आपल्याकडे पंप, व्हॉल्व्ह, पॅनेल, देखभाल-दुरुस्ती यांची कामं सतत निघत असतात. ही कामं कृष्णा खोरे विकास महामंडळाकडून येतात. राज्याच्या निविदा प्रामुख्यानं महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर असतात. राज्याची कितीतरी ऑफिसं आता जेमवरूनही खरेदी करतात, त्यामुळे दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे स्थानिक संस्था: जिल्हा परिषद, दहा पंचायत समित्या, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायती. छोट्यांना शिरकाव इथं सगळ्यात लवकर मिळतो. पण बिलाचा भरवसाही इथंच सगळ्यात कमी, कारण निधी बहुतेक वेळा दुसरीकडून यायचा असतो. जिल्हा नियोजन समिती, वित्त आयोग, केंद्राची एखादी योजना, अशी वाट असते. जलजीवन मिशनच्या कामांची बिलं राज्यभर अडकली आणि ठेकेदारांना रस्त्यावर उतरावं लागलं. तिथं काम झालं होतं, मोजमाप झालं होतं, वरून निधीच आला नव्हता.

म्हणून जाहिरात हातात पडली की तिच्यावरचं लेखाशीर्ष (पैसे सरकारच्या कुठल्या खात्यावर खर्ची पडणार त्याचा क्रमांक) किंवा योजनेचं नाव शोधा. ते दिसलं नाही तर संबंधित टेबलावर जाऊन सरळ विचारा: "भाऊसाहेब, याला प्रशासकीय मान्यता झालीय का? निधी आलाय की यायचाय?" विचारण्यात काही गैर नाही, आणि जुन्या पुरवठादारांना क्लार्क हे मोकळेपणानं सांगतातही. 'यायचाय' असं उत्तर आलं तर तेवढे महिने कळ काढायची तुमची ताकद आहे का, एवढाच विचार उरतो.

कागद: कुठले आणि कशासाठी

पॅन, जीएसटी, चालू खातं आणि तीन वर्षांची रिटर्नं गृहीत धरतो. त्यानंतर उद्यम नोंदणी. ती सरकारच्या उद्यम पोर्टलवर मोफत होते, आधार आणि पॅनवर होते, एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर उद्योग 'सूक्ष्म', आणि २५ कोटी व १०० कोटींपर्यंत 'लघु'.

या नोंदणीत एक जागा नीट बघा. तुमचं मुख्य काम कुठल्या एनआयसी कोडखाली, म्हणजे उद्योगाच्या प्रकाराच्या सरकारी क्रमांकाखाली, टाकलंय? स्वतः बाकं बनवणाऱ्या माणसाची नोंदणी सायबर कॅफेवाल्यानं 'फर्निचरचा किरकोळ व्यापार' म्हणून केलेली मी पाहिली आहे. व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण सरकारी खरेदीतल्या सवलती उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहेत, नुसत्या व्यापाऱ्यांना नाहीत. कोड चुकला की बयाणा रकमेची (निविदेसोबत भरायच्या अनामतीची) माफी गेली आणि निविदा तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागद-तपासणीत, बाद झाली.

त्या सवलती थोडक्यात अशा. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यातला ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ३५८ वस्तू फक्त या उद्योगांसाठीच राखीव आहेत. बयाणा भरावा लागत नाही. शिवाय सगळ्यात कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला यायची संधी तुम्हाला मिळते. आलात तर मागणीचा ठरावीक हिस्सा तुमचा. हे केंद्राचं धोरण आहे. जिल्हा परिषदेला किंवा महापालिकेला ते आपोआप लागू होत नाही, तिथं राज्याचे खरेदी नियम आणि त्या निविदेतली अट चालते. अमुक ठिकाणी माफी मिळाली म्हणून तमुक ठिकाणीही मिळेल असं धरून बयाणा न भरता निविदा टाकू नका.

डिजिटल सही, म्हणजे क्लास ३ ची डीएससी, टोकनसकट घ्या. सायनिंग आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली घेतली तर रेल्वेच्या पोर्टललाही चालते. आणि टोकन स्वतःकडे ठेवा! टोकन, पासवर्ड, पोर्टलवरचा मोबाइल नंबर, ईमेल हे सगळं कन्सल्टंटच्या नावावर आणि मालकाला काहीच पत्ता नाही, असं चित्र सर्रास दिसतं. मग कन्सल्टंटशी बिनसलं की ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तुमची फर्म पोर्टलवर तुमची राहत नाही. निविदा दुसऱ्याकडून भरून घ्या, पण नंबर, ईमेल आणि टोकन आपलंच असू द्या.

सीएकडून उलाढालीचा दाखला घेताना त्यावर यूडीआयएन क्रमांक (दाखला खरा आहे का ते ऑनलाइन तपासायचा नंबर) आहे ना, ते बघा. आधीच्या कामाचे पुरवठा आदेश आणि काम समाधानकारक झाल्याचे दाखले एका फोल्डरात स्कॅन करून ठेवा. नव्या माणसाकडे हे दाखले नसतात. मग सुरुवात कुठून करायची? जेमवरच्या छोट्या थेट खरेदीपासून, किंवा शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र यांच्या दरपत्रकांवरच्या खरेदीपासून. रक्कम किरकोळ असते, पण प्रत्येकाकडून दाखला मागून घ्या. उशीर केला की साहेबांची बदली होते आणि नवीन साहेब म्हणतात, ते माझ्या काळातलं नाही.

निविदा वाचायची ती शेवटून

शंभर पानांच्या निविदेत पहिली ऐंशी पानं सगळीकडे सारखीच असतात. मी आधी चार गोष्टी शोधतो: देयक देण्याची अट, दंडाची अट, माल कुठं-कुठं पोचवायचा त्याची यादी आणि पात्रतेच्या अटी.

पात्रतेत तीन वर्षांची सरासरी उलाढाल, तसल्याच कामाचा अनुभव, आयएसओ किंवा बीआयएस, चाचणी अहवाल, नमुना हे येतं. एखादी अट विनाकारण कुणाच्या तरी मापाची वाटली तर निविदापूर्व बैठकीत किंवा तिच्या मुदतीत लेखी हरकत घ्या. फोनवर तक्रार केली तर ती कुठंच नोंदली जात नाही. आणि शुद्धिपत्रक निघालंय का, हे भरायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. परिमाण, तारीख, कधी तर अख्खं स्पेसिफिकेशन त्यात बदललेलं असतं.

पोचवायच्या ठिकाणांची यादी लोक वाचतच नाहीत. 'सांगली जिल्ह्यातील शाळा' ही एक ओळ झाली. पण एक शाळा जतच्या टोकाला उमदीकडे आणि दुसरी शिराळ्यात चांदोलीच्या बाजूला असेल तर कुपवाडहून दोन वेगळे टेम्पो निघणार, हमाली वेगळी, आणि मुख्याध्यापक बैठकीला गेलेले असले तर दुसरी खेप. पावसाळ्यातला पुरवठा असेल तर पूर लक्षात घ्या. २०१९ आणि २०२१ ला रस्ते बंद होते तेव्हा मुदतवाढीचा अर्ज ज्यांनी त्याच वेळी लेखी दिला, त्यांना दंडाच्या वेळी काहीतरी दाखवायला होतं.

दर: एक हिशेब करून बघू

समजा शाळांसाठी १५० जोडबाकं पुरवायची आहेत. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. एका बाकाला पाइप, प्लाय, लॅमिनेट मिळून ३,१०० रुपये, मजुरी आणि पावडर कोटिंग ७००, वाहतूक २५०, वर्कशॉपचा इतर खर्च २००. एकूण ४,२५०. तुम्ही दर लावला ४,८०० अधिक जीएसटी. बाकामागं ५५०, म्हणजे १५० बाकांना ८२,५०० नफा. वहीच्या मागच्या पानावर एवढंच गणित केलं जातं, आणि खरी भानगड इथून पुढं आहे.

बिल झालं ७,२०,००० आणि त्यावर १८ टक्क्यांनी १,२९,६०० जीएसटी. कच्चा माल घेताना तुम्ही ८३,७०० जीएसटी दिलेला आहे, तो वजा जाऊन ४५,९०० उरतात. हे उरलेले पैसे तुम्हाला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला रिटर्नसोबत भरायचे आहेत, सरकारनं तुम्हाला एक रुपया दिलेला नसला तरी. इनव्हॉइस फाडलं की जीएसटीची जबाबदारी सुरू होते. सरकारी बिल थकलंय हे कारण जीएसटी खातं ऐकत नाही.

म्हणजे तुमच्या खिशातून गेले उत्पादनाचे ६,३७,५०० आणि जीएसटीचे १,२९,६००, मिळून ७,६७,१००. बिल चार महिन्यांनी निघालं आणि कॅश क्रेडिटचा व्याजदर १२ टक्के धरला तर व्याज सुमारे ३०,७००. शिवाय ५ टक्के सुरक्षा ठेव धरली तर ३६,००० रुपये हमीच्या वर्षभर अडकले, त्याचं व्याज आणखी ४,३२०. ८२,५०० चे राहिले साधारण ४७,५००.

आता शेजारच्या गाळ्यातला म्हणतो, मी ४,५०० नं टाकतो. बाकामागं नफा २५०, एकूण ३७,५००. त्यातून चार महिन्यांचं व्याज ३०,३६० आणि ठेवीचं ४,०५० काढा. हातात ३,०९० रुपये. दहा बाकांचे पाय वाकले म्हणून परत आली तर तेही गेले.

त्यामुळे 'किती बिलो जायचं', म्हणजे दर किती खाली आणायचा, हे ठरवताना बाजारभावाइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे बिलाचे महिने. त्याच ऑफिसात मागच्या वर्षी माल दिलेल्या दोघांना विचारा, पैसे केव्हा मिळाले. हा आकडा कुठल्याही पोर्टलवर सापडत नाही.

कपातींचंही बघून ठेवा. करार अडीच लाखांच्या वर असेल तर सरकारी ऑफिस जीएसटीची २ टक्के टीडीएस कापतं, वरच्या उदाहरणात १४,४००. हा तोटा नाही, ती रक्कम तुमच्या जीएसटीच्या रोख खात्यात येते, पण पोर्टलवर जाऊन ती स्वीकारावी लागते. कितीतरी जणांचे असे पैसे नुसते स्वीकारायचे राहिल्यानं पडून असतात. आयकराची टीडीएस कामाच्या कंत्राटावर एकल मालकाला १ टक्का, भागीदारी किंवा कंपनीला २ टक्के.

बांधकामाची कामं असतील तर

इथं खात्याकडे ठेकेदार नोंदणी लागते आणि तुमच्या वर्गानुसार किती रकमेपर्यंतचं काम घेता येईल ते ठरतं. छोट्या कामांच्या वाटपात सुशिक्षित बेरोजगार अभियंते ३३ टक्के, मजूर सहकारी संस्था ३३ टक्के आणि खुले ठेकेदार ३४ टक्के असं प्रमाण आहे. सिव्हिलची डिग्री किंवा डिप्लोमा झालेल्या पोरांनी यातली पहिली नोंदणी आधी करावी, कारण त्यात खुल्या स्पर्धेत न उतरता अनुभव गोळा करता येतो.

निविदेच्या बी-१ नमुन्यात अंदाजपत्रकावर टक्केवारी भरायची असते, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर. अंदाजपत्रकाच्या फार खाली गेलात तर अतिरिक्त सुरक्षा ठेव लागते, जितकं खाली तितकी जास्त. बिलातून १ टक्का कामगार उपकर जातो. मुरूम, खडी, वाळूच्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर तीही कापतात. पावत्या खडी घेतानाच क्रशरवाल्याकडून घ्या, नंतर मिळत नाहीत. काम झाकलं जाण्याआधी, म्हणजे पायाचा खड्डा भरण्याआधी, मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्या. शाखा अभियंता 'करू की नंतर' म्हणाले तर तारखेसकट फोटो काढून त्यांना त्याच दिवशी पाठवून ठेवा.

महाटेंडर्सवर प्रत्यक्ष भरताना

शेवटच्या दिवशी दुपारी बसायचं नाही, हे सगळे सांगतात आणि सगळे शेवटच्याच दिवशी बसतात. निदान बयाण्याचं तरी आधी उरका. एनईएफटीनं भरत असाल तर पोर्टल त्या निविदेपुरतं वेगळं चलन देतं. रक्कम पै न पै तेवढीच आणि त्याच चलनावरच्या खात्यात गेली पाहिजे. ती पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवस आधी. भरायचं तेही फर्मच्या खात्यातून, कारण निविदा लागली नाही तर पैसे त्याच खात्यात परत येतात.

दर भरायची बीओक्यूची (बाबी आणि परिमाणांच्या यादीची) एक्सेल फाइल त्या निविदेतूनच उतरवून घ्या. तिचं नाव बदलू नका, ओळी वाढवू नका, दुसऱ्या निविदेची जुनी फाइल वापरू नका. रकाना हिरवा-निळा असेल तिथंच आकडा टाका आणि फर्मचं नाव लिहा. आर्थिक लिफाफ्यातला दर चुकूनही तांत्रिक लिफाफ्यातल्या कुठल्या पत्रात येऊ देऊ नका, तसं झालं की सरळ बाद.

सगळं अपलोड झालं की काम संपलं असं वाटतं, पण 'फ्रीझ बिड' दाबेपर्यंत निविदा गेलेली नसते. ते दाबल्यावर जी पोच येते तिची प्रिंट काढा.

तांत्रिक लिफाफा उघडल्यावर बाद झालात तर कारण पोर्टलवर किंवा लेखी मिळतं. हरकतीची मुदत फार थोडी असते. जेमवर तर दोन-चार दिवसांचाच मामला. पोर्टल रोज उघडायची सवय नसेल तर ही मुदत कळायच्या आत निघून जाते.

माल पोचवताना सही कुणाची

पुरवठा आदेश आला की आधी त्यातली मुदत, ठिकाणं आणि स्पेसिफिकेशन निविदेशी ताडून बघा. नमुना मंजूर करून घ्यायचा असेल तर मंजुरी लेखी घ्या आणि तो नमुना जपून ठेवा.

बाकं उतरवल्यावर पोरगं शिपायाची सही घेऊन परत येतं. ती सही बिलाच्या वेळी कुणी धरत नाही. चलनाच्या दोन प्रती, त्यावर मुख्याध्यापकांची किंवा ज्यांना माल घ्यायचा अधिकार आहे त्यांची सही, शिक्का, तारीख, मिळालेली संख्या आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीचं (डेड स्टॉक रजिस्टरचं) पान व क्रमांक, एवढं असलं की बिल टेबलावरून परत येत नाही. ती नोंद तिथंच उभं राहून करून घ्या. "सर, तेवढं पान नंबर टाकता का?" एवढं विचारलं की काम होतं. नंतर फक्त त्या एका नंबरासाठी उमदीला जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि डिझेल.

जेमवर हेच ऑनलाइन होतं. माल घेणारा अधिकारी आधी तात्पुरती पावती आणि मग तपासून स्वीकृतीचा दाखला काढतो. त्याला तिथं सीआरएसी म्हणतात. तो निघाल्यापासून दहा दिवसांत पैसे द्यावेत असा जेमचा नियम आहे. म्हणून माल पोचल्यावर पहिला फोन अकाउंट्सला नको, सीआरएसी काढणाऱ्याला करा.

बिल थकलं तर

आधी बिल अडकलंय कुठं ते नेमकं शोधा: टेबलावर, लेखा शाखेत, कोषागारात, की निधीच नाही. आवक क्रमांक असल्याशिवाय बिल दाखल झालं असं समजू नका. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर लावलेलं बिल पुढच्या वर्षाच्या निधीवर ढकललं जाण्याची भीती असते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत माल पोचेल असंच नियोजन ठेवा.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई कायद्यानं एक हत्यार दिलेलं आहे. करारात मुदत लिहिलेली असली तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला की प्रकरण राज्याच्या सुविधा परिषदेकडे (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या यंत्रणेकडे) जातं. नोंदणी मात्र करार होण्याआधीची असावी, पुरवठ्यानंतर केलेल्या नोंदणीवर दावा टिकवणं अवघड जातं. माल आणि सेवा यांना हे सरळ लागू आहे. बांधकामाच्या कंत्राटांबाबत न्यायालयात वाद झालेले आहेत, तेव्हा तिथं वकिलाला विचारूनच अर्ज करा.

प्रत्यक्षात किती जण अर्ज करतात? फार थोडे. पुढचं काम मिळणार नाही, ही भीती. ती अगदीच खोटी नाही. मधला रस्ता असा: तीस दिवस झाले की साधं स्मरणपत्र, पंचेचाळीस झाले की कायद्याचं कलम आणि व्याजाचा आकडा लिहिलेलं दुसरं पत्र, दोन्हींवर पोच. पुष्कळदा दुसऱ्या पत्रावरच फाइल हलते, कारण ते फाइलला लागलं की उद्या लेखापरीक्षणात साहेबांनाही उत्तर द्यावं लागतं.

दुसऱ्याच्या नावावरचं काम तोंडी घेऊ नका. 'लायसन्स माझं, काम तू कर' हा व्यवहार आपल्याकडे फार चालतो. ऑफिसच्या कागदावर तुमचं नाव नसतं, त्यामुळे बिल, अनुभवाचा दाखला आणि थकबाकीचा दावा यातलं काहीच तुमचं नसतं. करायचंच असेल तर तुमच्या आणि मुख्य ठेकेदाराच्या फर्ममध्ये लेखी ऑर्डर, जीएसटी इनव्हॉइस आणि बँकेतून पैसे. मग निदान सुविधा परिषदेकडे त्याच्याविरुद्ध तरी दाद मागता येते.

सुरक्षा ठेवीचं सांगायचं राहिलं. हमीचा काळ संपल्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरात आजच टाका, कारण ठेव परत घ्या म्हणून कुठलंच ऑफिस आपणहून फोन करत नाही. तारीख आली की अर्ज, मूळ पावती किंवा बँक गॅरंटीची प्रत आणि काम समाधानकारक असल्याचा दाखला जोडून आवक शाखेत द्या. गॅरंटी असेल तर मूळ कागद परत घेऊन बँकेत जमा करा. तोपर्यंत तिच्यामागं अडकलेली एफडी बँक सोडत नाही.